पंचफुलाच्या वाट्याचं ऊन

पंचफुला गेली त्या सकाळी मी घरी तिच्यासाठी पेज शिजवत होतो. दवाखान्यातलं जेवण तिला जात नव्हतं, म्हणून उजाडलं की मी घरी यायचो, पेज करायचो, डबा भरायचो आणि ऑटो पकडून परत जायचो. तोवर मुलगी तिच्याजवळ बसायची. गॅसवर पातेलं होतं आणि मुलीचा फोन आला. "बाबा, या." मी म्हणालो, "आत्ताच पेज उतरवतो, घेऊनच येतो." ती मग म्हणाली, "पेज राहू द्या... तुम्ही या." मला कळलं. तरी मी पेज डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं, डबा पिशवीत घातला. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या तोंडावरून चादर ओढलेली होती आणि मी डबा कुठे ठेवावा म्हणून खोलीभर बघत उभा होतो.

न्यूमोनियाने गेली. चामडीच्या आजाराने गेली नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण भेटायला आलेले निम्मे लोक चपला काढता काढताच विचारत होते, "तो आजार शेवटी भोवला का हो?" आणि घरी आणल्यावर तिला आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा आमच्या विहारातल्या बाया जमल्या, नात्यातल्या असल्यासारख्या रडल्या, आणि त्यातल्या एकीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाऊ, हातमोजे असतील का घरात?" मी काही बोलायच्या आत सुनीताने, म्हणजे माझ्या मुलीने, ते ऐकलं. तिने सगळ्यांना हात जोडले, बाहेर बसायला सांगितलं, आतून कडी लावली आणि एकटीने आईला आंघोळ घातली. मी दाराबाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत होतो.

त्याला आता दीड महिना होत आला. सुनीता म्हणाली, "बाबा, आईबद्दल लिहा, मी पेपरच्या पुरवणीत पाठवते." मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. अकोल्याला एका वर्कशॉपात लेथवर हात बसला आणि त्या हाताच्या जोरावर फरीदाबादला आलो, कारखान्यात लागलो. लोखंड कळतं मला, लिहिणं कळत नाही. शुद्धलेखन सुनीता बघणार आहे. बाकी जसं आहे तसं.

पंचफुला लग्न होऊन फरीदाबादला आली तेव्हा तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता, आणि वर्षभरात ती भाजीवाल्याशी अशी भांडायला लागली की मलाच लाज वाटावी. अंगाने सडपातळ, रंग सावळा, आणि साड्यांची हौस अशी की विचारू नका. गडद रंग तिला लागायचे. काळपट जांभळा, बाटलीसारखा हिरवा, वांगी रंग, आणि काठ निळा. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर करायची ती हिनेच. मोठं पातेलं, त्यात ढवळायला लाकडाचा डाव, आणि कमरेला पदर खोचून ही. इतर बाया तांदूळ निवडायच्या आणि ती हुकूम सोडायची. कोणी म्हणालं की ताई, साखर जास्त झाली, तर म्हणायची, "वर्षभर कडूच खाता ना, एक दिवस गोड खाऊन मरत नाही कोणी."

आजार सुरू झाला तो डोक्यातून. तिची आई वारली, गावाहून आली आणि केसांत कोंडा पडायला लागला. कोंडाच तो, असं आम्ही धरून चाललो. लिंबू लावलं, दही लावलं, कडुनिंबाचा पाला उकळून झाला. मग कोपरांवर जाड लाल चट्टे आले, गुडघ्यांवर आले, पुढे नडग्यांवर. त्यावर पांढरा पापुद्रा धरायचा आणि खाजवलं की माशाच्या खवल्यासारखा सुटायचा, खालून रक्ताचे बारीक थेंब यायचे. कारखान्याच्या दवाखान्यात खरजेचं मलम दिलं, त्याने आग आग झाली. केमिस्टने नायट्याची ट्यूब दिली. एका होमिओपॅथीवाल्याने साबुदाण्यासारख्या गोळ्या दिल्या आणि कांदा बंद केला. कांदा बंद झाला, चट्टे चालूच. प्रत्येक जण आजाराला वेगळं नाव द्यायचा आणि पंचफुला प्रत्येकाचं ऐकायची. ज्याने त्याने सांगितलेलं मनापासून करणं हा तिचा स्वभाव.

त्या काळात फरीदाबादला डॉक्टर शोधणं म्हणजे काय होतं ते आजच्या पोरांना कळणार नाही. नुकतीच सगळीकडे नवी हवा सुटली होती. शेतं होती तिथे सेक्टर पडत होते, रंगीत टीव्हीवर केबल आली होती, रोज एक नवा बोर्ड लागायचा. नर्सिंग होम, स्किन क्लिनिक, लेसर, कुठे नुसतंच 'अमेरिका रिटर्न'. आणि रेल्वेने दिल्लीला निघालं की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चुन्याने रंगवलेलं, 'पुराने से पुराना चर्म रोग, जड़ से ख़त्म, एक बार मिल तो लें'. गाडीत पंचफुला खिडकीशी बसायची आणि मला म्हणायची, "एवढे सगळे बरं करणारे आहेत, मग मी अशी कशी राहिले?" मी म्हणायचो, "भिंत रंगवायला डिग्री लागत नाही."

शेवटी कारखान्यातल्या एका सरदारजीने सांगितलं म्हणून दिल्लीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. पहाटेपासून रांग. तिथे एक बाई डॉक्टर होत्या, केस पिकलेले, बोलायला तिखट. त्यांनी पंचफुलाचं कोपर हातात घेतलं. उघड्या हाताने घेतलं, हे मला अजून आठवतं, कारण त्याआधी सगळे टेबलाच्या पलीकडूनच बघायचे. म्हणाल्या, "सोरायसिस है। छूत का नहीं है, किसी को लगेगा नहीं। पर जाएगा भी नहीं। कभी कम, कभी ज़्यादा। इसके साथ रहना सीखो।" बाहेर आल्यावर पंचफुला चिडली. "एवढ्या लांब आले, पहाटे उठून आले, आणि ही म्हणते जाणार नाही! मग ही डॉक्टर कशाची?" मलाही तसंच वाटलं. आम्ही बरं करणाऱ्याला शोधत होतो आणि ही बाई खरं सांगत होती.

पण त्यांचंच औषध लागू पडलं. आधी डांबराचं मलम दिलं. त्याचा वास असा की घरात रस्त्याचं काम चाललंय असं वाटावं. त्याने थोडा फरक पडला. मग त्यांनी एक गोळी दिली आणि सांगितलं, ही खाऊन थोड्या वेळाने उन्हात बसायचं, चट्टे उघडे ठेवून. आधी अगदी थोडं, मग वाढवत न्यायचं, आणि दिवसभर डोळ्यांना काळा चष्मा. आता सांगा, आमच्यासारख्यांच्या वस्तीत बाईमाणसाने साडी गुडघ्याच्या वर घेऊन उन्हात कुठे बसायचं? घर एक मजल्याचं, वर गच्ची, आणि गच्चीला गच्ची लागून. मी भंगारातले पाईप आणले, कापले, जोडले, आणि गच्चीवर चौकोनी सांगाडा उभा केला. त्यावर पडदा कशाचा लावायचा म्हणून मी चादरी काढल्या, तर ती म्हणाली, "थांबा." आणि ट्रंकेतून तिच्या साड्या घेऊन आली. जांभळी, हिरवी, वांगी रंगाची. मी म्हणालो, "अगं, ह्या चांगल्या साड्या!" ती म्हणाली, "नेसू कुठे? ह्यांच्यावर पडलेलं सगळं दिसतं."

तोवर मला कळलंच नव्हतं की ती गडद साड्या का नेसत नाही. खांद्यावर, निऱ्यांवर पापुद्रा पडायचा आणि गडद रंगावर तो पीठ सांडल्यासारखा दिसायचा. म्हणून तिने पांढऱ्या साड्या घेतल्या होत्या. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, एवढा साधा हिशेब. पण त्या पांढऱ्या साडीने आमच्या आयुष्यात काय काय तमाशे केले! शेजारी एक पंजाबी बाई राहायची, आम्ही तिला भाभीजी म्हणायचो. ती गच्चीवरून ओरडायची, "ए पंचफुला, तेरा आदमी तो चंगा-भला बैठा रोटी खा रहा है, तू सफ़ेद क्यों डाले फिरती है? बेचारा डर जाएगा!" आणि इकडे विहारात वेगळंच. आमच्यात वंदनेला पांढरं नेसतात, आणि अष्टशील घेतलेली उपासिका पांढऱ्यातच असते. हिला बारा महिने पांढऱ्यात बघून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की पंचफुलाताईंनी शील घेतलं. अकाली साधी झाली, मोह सुटला. तिला पुढे बसवायला लागले, वंदना तिच्याकडून म्हणवून घ्यायला लागले. नव्या सुना पाया पडायच्या, म्हणजे पायांपासून हातभर लांब जमिनीला हात लावायच्या. ती मला घरी येऊन सांगायची आणि हसायची, "मी म्हणते बुद्धं सरणं, आणि मनात म्हणते पंख्याखाली बसू नको, उडेल."

पण खिरीचं पातेलं तिच्याकडून गेलं. कोणी गेलं म्हणून सांगितलं नाही. एका पौर्णिमेला ती पोचली तर दुसरीच बाई डाव घेऊन उभी. "ताई, तुम्ही आता बसा, तुमचं वय नाही राहिलं धुरात उभं राहायचं." वय! चाळिशीच्या आसपासची बाई. आणि ताट वाढताना तिचं ताट लांबून सरकवलं. मी ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. ज्यांच्या आजोबांना विहिरीची पायरी चढू दिली नाही, त्यांनी हे करावं? मी उठतच होतो, तर तिने माझा सदरा खालून धरला. घट्ट धरला. बाहेर आल्यावर म्हणाली, "भांडलात तर सगळ्यांना कळेल मी पांढरं का नेसते. मान देतात तेवढा तरी राहू द्या..."

तर ऊन. हिवाळा संपला तसं ते ऊन तिला मानवायला लागलं. त्या रंगीत साड्यांच्या खोलीत ती पाटावर बसायची, काळा चष्मा लावून, पाय पसरून, आणि मी रविवारी जिन्यात पहारा द्यायचो. भाभीजी खालून ओरडायची, "हीरोइन की शूटिंग चालू है क्या?" आतून ही म्हणायची, "हाँ जी, टिकट लेके आना!" साड्यांतून ऊन गाळून यायचं आणि तिच्या अंगावर जांभळे-हिरवे पट्टे पडायचे. दोन-अडीच ऋतूंत नडग्या निम्म्या साफ झाल्या. कोपरं मऊ पडली. त्या तिखट बाई डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "देखा? ऐसे ही चलो, जल्दी मत करना।"

मग आमच्या दक्षिणेच्या बाजूचं घर विकलं गेलं. रिटायर झालेला कारकून होता, बिल्डरला विकून मुलाकडे गेला. जुनं घर पाडलं आणि चार मजले चढवले. तेव्हा सगळीकडे तेच चालू होतं, फरीदाबाद आडवं होतं ते उभं व्हायला लागलं. आधी परांचीवर उभे राहिलेले मजूर वरून बघायला लागले. मी वरूनही साडी टाकली, तर ऊनच अडलं. मग बाल्कन्या आल्या, बाल्कन्यांत कुटुंबं आली, कपडे वाळायला लागले. आणि थंडी पडली तेव्हा कळलं की सूर्य त्या इमारतीच्या मागून जातो. आमच्या गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावली. ती जिना चढायची, सावलीत थोडा वेळ उभी राहायची आणि खाली यायची. "गेलं," म्हणाली एक दिवस, जसं कोणी माणूस गेल्याचं सांगावं. हॉस्पिटलात उजेडाचं मशीन होतं, पण एक दिवसाआड दिल्ली गाठायची, आणि निम्म्या वेळा मशीन बंद. सेक्टरातल्या नव्या नर्सिंग होममध्येही होतं. तिथला भाव विचारला आणि आम्ही पाणी पिऊन परत आलो. चट्टे हळूहळू पुन्हा जागेवर आले.

नेमके त्याच वेळी सुनीताला दिवस गेले. ती तेव्हा नागपूरला सासरी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पंचफुला हरखून गेली. डिंक आणला, मेथ्या आणल्या, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. आणि मग विहीणबाईंचा फोन आला, भाभीजींच्या घरी. बोलणं गोड होतं. "तुमच्याकडेच होऊ द्या, ताई. फक्त बाळाला आंघोळ घालायला एखादी बाई लावा. तुमच्या पायांचं आम्हाला कळलंय..." आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे आजीने पाटावर बसायचं, साडी वर घेऊन पाय लांब पसरायचे, आणि बाळ नडग्यांवर पालथं घ्यायचं. तेल, मालिश, कढत पाणी, सगळं उघड्या पायांवर. बाळाला आजीची पहिली ओळख होते ती तिथे. आणि चट्टे नेमके नडग्यांवर. मी म्हणालो, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, लागत नाही कुणाला." ती म्हणाली, "मला माहितीय. विहीणबाईंना माहीत नाही. आणि सुनीतालासुद्धा रोज भीती वाटेल, बोलणार नाही ती, पण वाटेल. मला पाय साफ पाहिजेत. नंतर काय व्हायचं ते होऊ द्या."

आम्ही परत त्या बाई डॉक्टरांकडे गेलो. पंचफुलाने सरळ विचारलं, बाळ येईपर्यंत साफ होईल का? त्या म्हणाल्या, "वादा नहीं कर सकती।" एक दुसरी गोळी होती, आठवड्यातून एकदाची, पण तिलाही वेळ लागणार आणि रक्त तपासत राहावं लागणार.  दुसऱ्या दिवशी पंचफुलाच मला नव्या मार्केटात घेऊन गेली. काचेचं दार, आत एसी, टाय लावलेला वैद्य, आणि टेबलावर कॉम्प्युटर. बाहेर पाटी, 'कम्प्यूटर द्वारा रोग की जाँच'. त्याने तिचा हात एका डब्यावर ठेवायला लावला, बटण दाबलं, कागद बाहेर आला. त्यावर तिच्या रक्तातली गरमी लिहिलेली होती. "माताजी, बच्चा आने से पहले बच्चे जैसी चमड़ी हो जाएगी।" मी तिथेच म्हणालो, "चल उठ, हा भिंतीवरचाच माणूस आहे, फक्त आता एसीत बसलाय." ती उठली नाही. मला म्हणाली, "तुमचं म्हणणं खरं असेल. पण ती म्हणते वादा करत नाही, आणि हा करतोय. मला वेळ नाहीये, सुनीताचे बाबा."

पुड्या होत्या, राखाडी रंगाच्या. थोड्याच आठवड्यांत चट्टे विरले. खरंच विरले. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितो. भूक वाढली, तोंड भरलं, गाल गोल झाले. विहारात म्हणायला लागले, शीलाचं तेज आलं. भाभीजी म्हणाली, "वाह, मोटी हो गई, अब लगी मराठन!" मलाही वाटलं, चुकलो असेन मी.

मुलगी झाली. मैत्री नाव ठेवलं. बारशाला विहीणबाई आल्या, आणि आंघोळीच्या वेळी काहीतरी निमित्त काढून मोरीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पंचफुलाने त्यांच्याकडे पाहिलं, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि पाय लांब केले. स्वच्छ पाय. विहीणबाई टॉवेल हातात देऊन गेल्या. मग पंचफुलाने बाळ घेतलं. मी बंबाचं पाणी आणून द्यायचो, तेवढ्यापुरतं मला आत येऊ द्यायची. तेल चोळताना ती काहीबाही बडबडायची त्या पोरीशी, "नाक बघा, बापाचं नाक, आता हे ओढून सरळ करायचं... रडतेस काय, पाणी आहे ते, कोणी मारलं तुला?" वाफेत तिचं गोल झालेलं तोंड लाल व्हायचं. तिला इतकं खूश मी ना लग्नात पाहिलं, ना पुढे कधी. सवा महिना तिने एक दिवस कोणाला त्या मोरीत शिरू दिलं नाही.

सुनीता बाळाला घेऊन नागपूरला गेली. पुड्या संपत आल्या म्हणून मी मार्केटात गेलो तर काचेच्या दारामागे कुलरचं दुकान. वैद्य कुठे गेला कोणाला माहीत नाही. पुड्या थांबल्या आणि काही दिवसांत तिचं अख्खं अंग पेटलं. लाल, सोलल्यासारखं, वर पिवळे पाण्याचे फोड, थंडी भरून ताप. मी तिला टॅक्सीत घालून दिल्लीला नेलं. त्याच बाई डॉक्टर. त्यांनी तिचं गोल तोंड पाहिलं आणि पुडी खाल्ली का असं विचारलंच नाही. विचारलं, "किसकी पुड़िया खाई?" त्या पुड्यांत स्टेरॉइड होतं, चट्टे दाबणारं, आणि ते एकदम बंद झालं की असं उसळतं, हे त्यांनी मला व्हरांड्यात उभं करून समजावलं. वॉर्डात ती बरेच दिवस होती. वाचली. पण साखर मागे लागली ती लागलीच, हाडं ठिसूळ झाली, पुढे मनगट मोडलं, मग मणके.

वॉर्डातच एकदा मी तिला म्हणालो, त्या वैद्याला शोधून तंगडी मोडतो. ती म्हणाली, "त्याला काय मोडता. तोंड सुजलं तेव्हाच मला कळलं होतं. बाळंतपणात खाऊन सूज येत नाही अशी, मला काय कळत नाही?" मी म्हणालो, "मग बंद का नाही केल्या?" तिने कूस बदलली, अंगाची आग होती म्हणून हळू बदलली. "पोरगी अजून जायची होती ना..."

त्यानंतर तिने कोणाचं ऐकणं सोडलं. आठवड्याची ती एक गोळी, रक्ताची तपासणी, साधं मलम, बस. कधी कमी, कधी जास्त, जसं त्या बाई म्हणाल्या होत्या. वर्षं अशी गेली. विहारात तिने एकदा उभं राहून सगळ्यांना सांगितलंही की मी शील घेतलेलं नाही, हे पांढरं कशासाठी आहे ते हे बघा, आणि कोपर दाखवलं. काही बाया जवळ आल्या, काही आणखी लांब सरकल्या. खीर तिला परत मिळाली नाही.

आणि मग, म्हणजे अलीकडेच, मैत्री कॉलेजात गेली त्या वर्षी, तिच्या कोपरावर चट्टा उठला. विहीणबाई खूप म्हाताऱ्या झाल्यात, पण फोन त्यांनीच केला. "म्हणलं नव्हतं मी? त्या पायांवर घेतलं पोरीला..." सुनीताने तिकडे सासूच्या हातून फोन हिसकावून घेतला, डॉक्टरांनी काय सांगितलं ते ओरडून ओरडून सांगितलं की हे स्पर्शाने होत नाही, रक्तात येतं, घराण्यात येतं. पंचफुला ऐकत होती. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "पायावरून गेलं काय आणि रक्तातून गेलं काय. माझ्याकडूनच गेलं ना?"  मी लोखंडाचा माणूस. म्हणालो, "तुझे डोळेही गेलेत तिच्याकडे, त्यांचं काय?" ती हसली नाही. शेवटची दोन-तीन वर्षं ती ह्या एका गोष्टीने आतून कुरतडली गेली, आणि त्यावर कुठलं मलम नव्हतं. दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावलेली असतानासुद्धा मैत्री आली की ती आधी तिची बाही वर करायची, कोपर बघायची. बोलवत नव्हतं तरी बोलली, "लवकर बरं करतो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नको. माझ्यावर जा, माझ्यासारखं करू नको."

मैत्री हल्ली गुडगावला नोकरी करते. परवा तिचा फोन आला, नव्या डॉक्टरला दाखवून आली होती, हल्ली इंजेक्शनं निघालीत म्हणे. मी विचारलं, "काय म्हणाला? जाईल म्हणाला?" ती म्हणाली, "नाही आजोबा. म्हणाले आयुष्यभर सांभाळावं लागेल, प्रॉमिस काही करत नाही." मी म्हणालो, "मग डॉक्टर चांगला आहे. त्यालाच धरून राहा." तिकडून ती रडायला लागली... आणि मी फोन तसाच कानाला लावून बसलो.

नातेवाईक मला पूर्वी विचारायचे, एकाच अंथरुणावर झोपता का हो? झोपतो म्हणायचो. रोज सकाळी पंचफुला माझ्याआधी उठायची, मला उठवून बाजूला करायची, चादरीचे चारी कोपरे आत घेऊन तिचं बोचकं करायची आणि मागच्या अंगणात नेऊन झटकायची. कोणी बघायच्या आत, दूधवाला यायच्या आत. मी तिला कितीदा म्हणालो, पडू दे, मला काही टोचत नाही. तिने ऐकलं नाही. गेल्या वर्षी मणक्यांमुळे तिला वाकता येईना तेव्हा ते काम माझ्याकडे आलं आणि ती खाटेवरून सांगायची, "कोपरे आधी आत घ्या, सांडू नका."

अजून सकाळी जाग येते आणि हात आपोआप कोपऱ्यांकडे जातात. चादर नीट आत घेतो, अंगणात नेतो, झटकतो. काही पडत नाही. तरी मी थोडा वेळ खाली फरशीकडे बघत उभा राहतो.